अजून थोडे मऊ

कुंडलिकने लाल गाडीच्या नाकावर दोन्ही तळवे टेकून जोर दिला. गाडी तसूभरही खाली गेली नाही.

"ही गाडी आहे का बाकडं?" तो म्हणाला. "आधीच्या मालकाने रेसचे शॉकअप टाकलेत. वर स्प्रिंगा पण कापल्यात. दिसायला झकास, बसायला वाट."

निलेश मान खाली घालून उभा होता. कुंडलिकच्या या साकीनाक्याच्या गॅरेजपर्यंत गाडी टोइंगच्या ट्रकवर आली होती. तो आणि त्याची आई विमलाताई दहिसरहून रिक्षाने मागोमाग आले होते.

"आईला धक्का बसता कामा नये," निलेश म्हणाला. "बाकी काहीही करा."

गेल्या शिमग्याला गावाहून परतताना निलेशच्या हातून हीच गाडी दुभाजकावर चढली होती. त्याला खरचटलंही नव्हतं. विमलाताईंच्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून गाडी सोसायटीच्या आवारात कव्हरखाली होती. निलेशने ऑफिसचं काम घरूनच मागून घेतलं होतं. आईला दवाखान्यात शेजारच्या जयंतीवहिनी नेत. आणि आता विमलाताईंनी हट्ट धरला होता, की यंदा शिमग्याला गावी जायचं ते याच गाडीने.

"मावशी, ही विका आणि मोठी गाडी घ्या," कुंडलिक म्हणाला. "सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल."

"नाय. जाईन तर ह्याच गाडयेन," विमलाताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत सावकाश टेकत म्हणाल्या.

"आई, रेल्वेची तिकिटं काढतो ना."

"काढ. तू जा एकटो."

कुंडलिक हसला. त्याने आधी गॅसवाले शॉकअप बसवले. काम झाल्यावर चावी बोटात फिरवत म्हणाला, "चला मावशी, एक चक्कर मारून आणतो."

"परक्यान चालवलेल्या गाडीत मी बसूचंय नाय. निलेश चालवील."

निलेशचा चेहरा उतरला. "आई, मी नको. तेच चालवू देत ना."

"मग ऱ्हवांदे."

तो शेवटी बसला. सिग्नलपर्यंत गेला आणि लगेच परत आला. उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. विमलाताई कमरेवर हात ठेवून उतरल्या.

"लागता रे अजून. खड्ड्यात कसो फटको बसता!"

"बरोबर आहे," कुंडलिक म्हणाला. "गॅसमुळे गाडी डोलत नाही, पण बारीक खड्डा कळतो. कंपनीच्या मापाचे तेलाचे शॉकअप टाकू. आणि पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा. नुसते शॉकअप बदलून भागत नाही."

पुढच्या आठवड्यात तेही झालं. गाडी बोटभर वर उठली. या वेळी निलेश मरोळपर्यंत गेला.

"आता?"

"बरा हा. पण लागता."

"मावशी, याच्यापेक्षा मऊ म्हणजे पाळणाच बांधायचा!"

"बांध मगे."

निलेश चक्क हसला. दुसऱ्या दिवसापासून तो नेटवर शॉकअपबद्दल वाचायला लागला. तेलाच्या शॉकअपवर गाडी हायवेला फार डोलते, हे त्यानेच कुंडलिकला सांगितलं. कुंडलिक म्हणाला, "मग कमी-जास्त करता येतात तसले घेऊ या." ते आल्यावर निलेश स्वतः जमिनीवर आडवा पडून त्यांची खुंटी फिरवायला शिकला. एकदा घट्ट, एकदा सैल. पुढे काय, मागे काय. हात काळे, कपाळ काळं.

"पुढचे अजून सैल करू," तो म्हणायचा.

"यार, ब्रेक मारलास तर नाक जमिनीला लागेल," कुंडलिक म्हणायचा. "टायर जाड रबराचे घे. निम्मा खड्डा तेच खातात."

दर रविवारी भांडण आणि दर रविवारी ट्रायल. आधी पवई. मग घाटकोपर, मग मुलुंड. विमलाताई शेजारच्या सीटवर बसत आणि परत येऊन तेच सांगत.

"थोडा लागता. त्या पुलाच्या जोडावर."

"कुठल्या पुलाच्या?" निलेश विचारायचा आणि पुन्हा गाडीखाली शिरायचा.

कुंडलिकला मात्र आता चैन पडेना. त्याने स्वतः गाडी फिरवून पाहिली होती. सीटवर ठेवलेला चहाचा ग्लास हिंदकळला नव्हता. तरी मावशींचं दुखणं तसंच. मणक्यात भलतंच काही राहिलं असेल का? शिमगा तोंडावर आला होता. इतक्या लांबचा रस्ता बाईला झेपला नाही तर हा पोरगा पुन्हा कोसळेल, असं त्याला वाटत होतं.

त्या रविवारी जाड रबराचे टायर बसले. निलेशने शेवटची खुंटी फिरवली, हात पुसले.

"आई, तू थांब इथेच. आधी मी एकटा हायवेला फिरवून आणतो. पुलाचा जोड कळतोय का बघतो. मगच तू बस."

"सांभाळून रे झिला."

"हो गं!"

त्याने खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं आणि गाडी सुसाट न्यायच्या आधी उगाचच एक हॉर्न दिला.

गाडी वळणाआड गेल्यावर कुंडलिक विमलाताईंसमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, तो नाहीये तोवर खरं सांगा. लपवू नका. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं का? अजून कुठे दुखतंय?"

विमलाताईंची नजर रस्त्यावरून हलली नाही. मग त्या खुर्चीतून चटकन उठल्या, उकिडव्या बसल्या आणि वाटेत पडलेला जुना लोखंडी शॉकअप एका हाताने उचलून त्यांनी भिंतीला लावून ठेवला.

"माझी कंबर होय? ती गणपतीतच बरी झाली," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "आमचो निलेशच घराबाहेर पडत नव्हतो."