निळ्या मिन्याचा बिल्ला

"कवळी टोचते का अजून, मावशी?" म्हातारीच्या घरी आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, पण त्यांचे डोळे होते दारामागच्या खुंटीवर. तिथे तिचा कोट लटकत होता, आणि कोटाच्या कॉलरवर तो बिल्ला.

काचेसारखा चकचकीत निळा मिना, त्यावर सोनेरी नांगर, नांगरावर मुकुट आणि खाली दोनच शब्द: 'समुद्र आमचा'. सम्राटाच्या काळात आरमाराच्या अभिमानाने लोक असे बिल्ले मिरवायचे. डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात त्या काळचे झाडून सगळे होते. हाच तेवढा नव्हता. मावशीच्या खलाशी आजोबांचा तो. विकायचा विषय काढला की ती नुसती हसायची, डॉक्टरांनीच बसवलेल्या कवळीने.

"बसा, चहा टाकते," म्हणत ती आत गेली.

डॉक्टरांनी खिशातून बिल्ल्याची नक्कल काढली. मावशी दवाखान्यात आली असताना गुपचूप फोटो काढला होता; त्यावरून कृत्रिम दात भाजायच्या भट्टीत त्यांनी स्वतः भाजलेली. एक बिल्ला निघाला, दुसरा बसला. काम फत्ते! चहा मात्र तसाच टाकून ते निघाले.

घरी येऊन त्यांनी बिल्ला रुमालासकट कपाटात कोंबला. भिंग हातात घेतलं, खाली ठेवलं. रुमाल उलगडायचं धाडसच होईना. दवाखान्यात हलणारा दात सोडून शेजारच्या धडधाकट दाताला चिमटा लावला. पेशंटने बोंब ठोकली म्हणून निभावलं.

"चित्त कुठाय तुमचं?" बायकोने जेवताना विचारलं. "ज्या कपाटापुढून हलायचा नाहीत, त्याच्याकडे हल्ली पाठ करून बसता. काय लपवलंय त्यात?"

"काही नाही."

"मग घास का अडकतोय?"

डॉक्टरांनी ताट सरकवलं, रुमाल उचलला आणि तसेच तडक बाहेर पडले.

मावशीच्या घरी पोहोचले तर ती कुठेतरी निघालेली. कोट अंगावरच. म्हणजे गुपचूप अदलाबदल करायचीही सोय नव्हती. त्यांनी रुमाल सरळ तिच्या हातात ठेवला.

"मावशी, कॉलरवर आहे तो मी बनवलेला. तुमचा हा. चोरला होता मी." त्यांचा आवाज फाटला. "पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. पण आधी हा घ्या."

कॉलरवरचा बिल्ला काढून तिने दोन्ही खिडकीपाशी नेले, उलटेपालटे करून निरखले.

"तुमचा जास्त छान जमलाय," ती म्हणाली, आणि डॉक्टरांचाच बिल्ला तिने पुन्हा कॉलरला लावला.

"अहो, पण खरा..."

"खरा तर बिल्ल्यांच्या पहिल्या शौकिनानेच पळवला, डॉक्टर. तेव्हापासून तुम्ही मंडळी एकमेकांच्या नकलाच चोरताय."