बिनरेघेचा चौकोन

पुढे मयुरी बोलत होती आणि मागच्या बाकावर तिच्या बापाचे, नानाजींचे, ओठ हलत होते.

चंद्रपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजात शेवटच्या वर्षाची परीक्षा चालली होती. पोरांनी आपापले नकाशे भिंतीला लावायचे, पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंना समजावून सांगायचे, आणि तरले की बुडाले ते तिथंच ठरायचं. आईबापांना मागे बसून ऐकायची मुभा होती. आठवडाभर मयुरीनं नागभीडच्या घरी हेच भाषण घोकलं होतं. नानाजींनी ते ऐकलं, म्हणजे त्यांना ते पाठ झालं. त्यांची सारी हयात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाच्या, नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून गेली. नटाची जीभ अडखळायच्या आत पुढचं वाक्य त्याच्या कानात घालायचं, आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही ते ऐकू जाऊ द्यायचं नाही. आता स्वभावाला काय औषध?

मयुरीनं अभ्यासाला घेतला होता नाटकाचा मंडप. धान कापून झालं की शेताच्या रिकाम्या बांधीत उभा राहतो आणि सकाळी मोडतो, तो. भिंतीवर तो वरून पाहिल्यासारखा पसरला होता. लाल रेघा बायांच्या, निळ्या पुरुषांच्या, हिरव्या नटमंडळींच्या. कोण कुठून आत येतं, कुठं थबकतं, कुठून बाहेर पडतं. मंडपाभोवतीच्या कापडी कनातीला पडलेली फटसुद्धा उंबरठाच असते, असं ती ठासून सांगत होती. नानाजींची छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

एकच गोष्ट सलत होती. नकाशात रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक बारका चौकोन होता. तो त्यांचा, प्रॉम्प्टरनं बसायचा खड्डा. गुडघे पोटाशी घेऊन त्यांनी त्यातच जन्म काढला होता. पण साऱ्या भाषणात त्या चौकोनाबद्दल एक शब्द नव्हता. घरी घोकणं चालायचं तेव्हा ते रोज वाट पाहायचे, आज तरी म्हणेल. विचारलं मात्र नाही. पोरीला बापाच्या धंद्याची लाज वाटत असली, तर ती विचारून थोडीच जाते!

भाषण संपलं. परीक्षक बाई उठून नकाशाजवळ गेल्या आणि त्यांनी नेमकं त्याच चौकोनावर बोट ठेवलं.

"सगळीकडची ये-जा दाखवलीस. इथं एकही रेघ आत जात नाही, बाहेर येत नाही. कुणाला शिरताच येत नाही अशी जागा असते का? की विसरलीस?"

मयुरीनं बाईंच्या बोटाकडे पाहिलं. नानाजी बाकाच्या टोकाशी सरकले. सवयीनं तोंड उघडलं, पण द्यायला वाक्यच नव्हतं. हे भाषणात कुठं होतं? पोरगी भर परीक्षेत अडली होती आणि बापाकडे एक शब्द नव्हता.

"विसरली नाई, मॅडम." मयुरीची मघाची पुस्तकी भाषा पार गळून पडली. "मुद्दाम सोडली. तिथी प्रॉम्प्टर बसते. मंडपात माणूस यायच्या आधी तो खाली उतरते, अन् सारे घरी गेले का मंग वर येते. त्याले येताना कोनी पाह्यलं नाई, जाताना पाह्यलं नाई. मंग रेघ कोनाच्या भरवशावर काढू?" तिनं हिरव्या रेघांवरून हात फिरवला. "पन ह्या साऱ्या त्याच्याच आवाजावर चालतेत. तो चूप बसला तर राजा बी जाग्यावरून हलत नाई."

"कुणी पाहिलं नाही, तर मग तुला कसं ठाऊक?"

"लहानपनी मी त्याच खड्ड्यात झोपत होती. बाबाच्या मांडीवर." तिनं मागच्या बाकाकडे हात केला. "ते बसले पाहा."

सारा हॉल मागे वळला. नानाजींनी झटकन मान खाली घातली. खड्ड्यातून डोकं वर दिसलं की लोक ओरडतात, ती धास्ती अंगात मुरलेली. मग त्यांना उमगलं की इथं कोणी ओरडणार नाही, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काका, या ना पुढे," बाई म्हणाल्या. "दोन शब्द तुम्हीही बोला."

नानाजी पुढे गेले खरे. पण एवढे चेहरे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ते सदऱ्याची गुंडी चाचपत राहिले. राजापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांना बोलतं करणाऱ्या माणसाला साधा नमस्कार सुचेना. तेवढ्यात बाजूनं एक हलका आवाज आला. पहिल्या रांगेलाही तो ऐकू गेला नसेल.

"नमस्कार," मयुरी पुटपुटली.

"नमस्कार," नानाजी म्हणाले.

"मी नानाजी, झाडीपट्टीतला प्रॉम्प्टर," मयुरीनं पुढचं वाक्य पुरवलं.

नटानं एक शब्द इकडचा तिकडे केला, तर नाटक सुटल्यावर नानाजी त्याला फैलावर घेत. भले भले त्यांच्या तावडीतून सुटले नव्हते. आज त्यांच्या कानात पुढचं वाक्य लख्ख पडलं होतं. ते त्यांनी सोडून दिलं.

"मी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज थेट दाराबाहेर गेला, "मी ह्या पोरीचा बाप होय."