दोन भोकांचं बटण

चिरंजीवांनी अकरावं बटण ब्लेडनं खरवडून काढलं आणि कपाळाला हात लावला. शिंप्याच्या हातात गाडी दिली की तो तिलाही बटणं लावणार, दुसरं काय! पाण्याच्या पंपाच्या खटक्याशेजारी दोन भोकांचं बटण, दिव्याच्या खटक्याशेजारी चार भोकांचं. गॅसच्या चावीवर शर्टाचं इवलंसं, साखरेच्या डब्यावर कोटाचं भलंमोठं. सगळी गोंदानं डकवलेली, एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय ओट्यापासून पलंगापर्यंत भिंतीलगत एक मळकी दोरी, तिला जागोजागी गाठी. ती त्यांनी पहिल्याच दिवशी कापून कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती.

चिरंजीव एका कारखान्यात तयार माल तपासायचे. पंख्याच्या पात्यावर केसाएवढा चरा असला तरी आपल्या नजरेतून सुटत नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. असल्या माणसाचा बाप शिंपीकामाचं दुकान विकून जुनीपुराणी मोटरहोम घेतो, त्यातच ओटा, पलंग आणि संडास थाटून म्हातारपणी बायकोला आसपासच्या गावांतून हिंडवतो, याची त्यांना मनापासून लाज वाटे. दर रविवारी ही जोडी त्यांच्या घरी जेवायला हजर. जेवताना म्हाताऱ्याची टकळी सुरू. आज तळ्याच्या काठी थांबलो होतो, पाणी हिरवं होतं, तीन बगळे होते, एक लंगडा होता. अहो, बायको तर तळ्याकाठीही शेजारीच बसली होती ना तुमच्या! तिला कशाला पुन्हा सांगताय? चिरंजीव मोबाइलमधून डोकं वर न काढता हं हं करत आणि ताट संपवून उठत.

दीड महिन्यापूर्वी म्हातारा गेला. गाडी चिरंजीवांच्या घरामागे येऊन उभी राहिली आणि आई पाहुण्यांच्या खोलीत. ती दिवसभर एकाच खुर्चीत बसायची, उठली तर भिंतीला धरून चालायची. दुःखानं खचली आहे, असं निदान चिरंजीवांनी करून टाकलं. सोमवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार, हे कळलं तेव्हा मात्र ती ताठ झाली. गाडी विकू नकोस, म्हणाली, इथेच मागे उभी राहू दे, मी त्यात राहीन. चिरंजीवांना हसूच आलं. त्यातला गॅस तरी पेटवता येतो का तुला, सगळं तर बाबाच करायचे! त्यावर तिनं शांतपणे पैज लावली. रविवारी दुपारी मी एकटी तिथे चहा करून दाखवते. जमला तर गाडी राहील, नाही जमला तर खुशाल वीक. चिरंजीवांनी लगेच हो म्हणून टाकलं.

"फरशी पूस हवी तर," ती म्हणाली होती. "बाकी कशाला हात लावू नकोस."

म्हाताऱ्या माणसांचा जीव भंगारात अडकलेला असतो. चिरंजीवांनी ते मुळीच मनावर घेतलं नाही आणि दोन दिवस गाडी घासून काढली. गाडीही एक नंबरची नाठाळ. दार आधी वर उचलायचं, मग खांद्यानं ढकलायचं, नाहीतर बसा बाहेर. पंप आधी लावला नाही तर नळ नुसता खोकतो. फ्रिजला टेकण दिलं नाही तर तो आपणहून उघडतो. बापानं एक गोष्ट धड दुरुस्त करून घेतली नव्हती, नुसती बटणं चिकटवत बसला होता. शेवटी गोंदाचे डागही थिनरनं पुसले गेले आणि भिंती गुळगुळीत झाल्या. चिरंजीवांना फार बरं वाटलं.

रविवारी दुपारी लख्ख उन्हात आई आली. पायऱ्या न अडखळता चढली. जे दार चिरंजीवांच्या खांद्याला दोन दिवस पुरून उरलं होतं, ते तिनं एका झटक्यात उचलून ढकललं. चिरंजीव दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. आईचा हात सरळ भिंतीवरच्या खटक्यांकडे गेला आणि तिथेच घुटमळला. बोटं इकडे फिरली, तिकडे फिरली. तिनं एक खटका दाबला. दिवा लागला. नळाखाली पातेलं धरलं तर नळ खोकला. मग तिनं गॅस फिरवला आणि लायटर दुसऱ्याच शेगडीवर धरला. वास सुटला तसे चिरंजीव धावले, गॅस बंद केला.

"बघ, सांगत होतो ना," ते म्हणाले. "कशाला हा हट्ट?"

आई भिंतीवरून तळहात फिरवत राहिली, वर, खाली, पुन्हा वर. दोरी असायची तिथेही फिरवला.

"बटणं कुठे आहेत रे?"

"टाकली सगळी. कचरा नुसता."

ती वळली आणि त्यांच्याशी बोलायला म्हणून फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. चिरंजीव तिच्या उजव्या हाताला होते. त्यांनी हळूच तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"आई, तुला... कधीपासून दिसत नाही?"

"चार वर्षं झाली," आई म्हणाली. "दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवत होतास की रे तू."