तिसरी नर्स

लिफ्टचं दार उघडलं तसा प्रणित पुढे झाला. नर्स क्षितिजाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे त्याने बोट दाखवलं.

"मॅडम, हे जरा पर्समध्ये ठेवता?"

ओळखपत्रावर संस्थेचं नाव होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'बरे न होणाऱ्या रुग्णांची घरी सेवा'.

"आईंना वाचता येतं का?" क्षितिजाने विचारलं.

"तिला नाही येत. शेजारच्या हंसाबेनना येतं, आणि त्या मोठ्याने वाचतात."

क्षितिजा हसली. तिने ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. प्रणितने वही उघडली. आईसाठी संस्था निवडायची म्हणून त्याने तीन ठिकाणच्या नर्सना एकेक दिवस घरी बोलावलं होतं. ही तिसरी. प्रश्न त्याने नेटवरून उतरवून घेतले होते. डॉक्टर किती दिवसांनी येतात? मॉर्फिनची सोय आहे का? रात्री फोन उचलता का?

"फोन उचलतो. पण रात्री यायला तास लागतो, कधी दीड," क्षितिजा म्हणाली.

आधीच्या दोघींनी वीस मिनिटं सांगितली होती. प्रणितने दहापैकी सहा मार्क लिहिले.

शेवटचा प्रश्न नेटवरचा नव्हता.

"आईला आम्ही लिव्हरला सूज आहे एवढंच सांगितलंय. तुम्ही काही बोलणार नाही ना?"

"मी आपणहून नाही बोलणार."

"आणि तिने विचारलं तर?"

"तर खोटं नाही सांगणार."

"अहो, आधीच्या दोघी लगेच हो म्हणाल्या. आई खचून जाईल. आहेत ते दिवस तरी बरे जाऊ देत ना!"

"तुम्हाला पटत नसेल तर मी इथूनच परत जाते, दादा. राग नाही."

प्रणितने त्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं. तो लिफ्टचं बटण दाबणार इतक्यात आतून आवाज आला.

"कोन आलंय रं? दारात काय इचारत बसलायस? आत आन तिला."

जिजाबाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. उत्तनहून शांती नगरच्या या फ्लॅटमध्ये तिला आणून दोन महिने झाले होते. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. तिने क्षितिजाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नवं गिऱ्हाईक पाहावं तसं.

"बस, बाय. चाय घेशील?"

प्रणितची बायको समिधा चहा आणायला गेली. क्षितिजाने रिपोर्ट वाचले, नाडी पाहिली. पायावरची सूज अंगठ्याने दाबून पाहिली.

"कुठे दुखतं का, मावशी?"

"न्हाय. कुठं पन न्हाय." मग जिजाबाईने तिचं मनगट धरलं. "मी बरी होनार का गो?"

"आई, त्यांना उशीर होतोय," प्रणित घाईने म्हणाला.

"तुला न्हाय इचारलं."

क्षितिजाने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसली.

"नाही, मावशी. हा आजार बरा होणार नाही."

समिधा चहा घेऊन दारातच थांबली.

"किती दिस?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही. महिने नसावेत. आठवडे म्हणा. पण तेवढ्या दिवसांत तुम्हाला दुखू नये, झोप लागावी, हे आम्ही बघू शकतो."

"झालं तुमचं?" प्रणितचा आवाज चढला. "निघा आता."

"ती कुठं न्हाय जानार," जिजाबाई म्हणाली. "हिलाच ठेव."

"आई, अगं, तुला कळतंय का ती काय बोलली?"

"त्या दोघींनापन मी ह्योच सवाल केला. एक बोलली, मावशी, दोन महिन्यांत बाजारात बसाल. दुसरी बोलली, नातवाच्या लग्नात नाचाल. नातू पाचवीत हाय!" ती हसली, मग थांबून तिने दम घेतला. "भाईंदरच्या बाजारात चाळीस वर्सं मासळी इकली मी. नरम पडलेलं पापलेट ताजं म्हनून कोन इकतं, ते मला कळत न्हाय?"

जिजाबाईने क्षितिजाचा हात उचलून आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला.

"हितं. रातचं लय. मंग पाठीत जातं."

"कधीपासून?"

"गनपतीपासून."

"मग तू बोलली का नाहीस?" प्रणितने विचारलं.

"तू बोलत व्हतास, सूज हाय, उतरतेय. मंग मी कशी बोलू?"

क्षितिजाने डॉक्टरांना फोन लावला. कुठे, किती, कधीपासून, सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलेलं औषध आणि वेळा एका कागदावर लिहून तो समिधाला दिला आणि तिच्याकडून एकदा वाचून घेतला. चहा गार झाला होता, तरी तिने तो प्यायला.

प्रणित भिंतीला टेकून उभा होता. मग तो बाथरूमकडे वळला.

"कुठं चाललास?" जिजाबाईने विचारलं.

"तोंड धुतो जरा."

"रोज नळ सोडून अर्धा अर्धा तास तोंड धुतोस. टाकीतलं पानी संपतं, समिधाची भांडी तशीच ऱ्हातात." तिने पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली. "हितं बस नि रड."