पॉइंट एकशेसत्तेचाळीस

माळावर पोचल्यावर लुंबिनीने आधी टॅबलेट पाहिला. निळा ठिपका लाल खुणेवर बरोबर बसला होता. पॉइंट एकशेसत्तेचाळीस, तालुका हदगाव. म्हणजे जागा चुकलेली नव्हती.

उपग्रहाच्या चित्रांवरून साऱ्या देशाच्या जमिनीचा नकाशा तयार होत होता. नांदेडच्या ऑफिसात बसून या जागेला ‘पडीक’ तिनेच ठरवलं होतं. तिने ठरवलेलं ऑफिसात दुसरं कुणी तपासत नसे. आता जागेवर येऊन फक्त ‘बरोबर’ दाबायचं होतं.

समोर कमरेच्या वर पवन्या गवत उभं होतं.

म्हशीपुरता भारा कापायला आलेल्या धुरपताबाईंना तिने विचारलं, हे यंदाच उगवलंय का. सासूच्या आधीपासून आहे, त्या म्हणाल्या. दिवाळी झाली की अख्खं गाव एकाच आठवड्यात माळ मुळापर्यंत कापतं, घरटी वाटे घालतं. जनावरांचा उन्हाळा त्यावर निघतो.

लुंबिनीने चित्राची तारीख पाहिली. फेब्रुवारी. वरून काढलेल्या त्या चित्रात माळ उघडा दिसला, म्हणून पडीक लिहिला, तिने सांगितलं.

“मांडव सोडल्यावर लग्नाचा फोटू काढायला आलं व्हय गं तुमचं इमान?”

“विमान नाही मावशी, उपग्रह.”

“काय बी आसंना. पलीकडच्या गावचा माळ असाच पडीक लिवला, अन् सोलरच्या प्लेटा आल्या. आता म्हशीपुढं प्लेटा टाकू का माय?”

लुंबिनी हिशेब करत होती. त्याच महिन्याच्या चित्रांत असाच करडा रंग बघून तिने दोनशे दहा जागा पडीक ठरवल्या होत्या. त्यांवरून शिकून कॉम्प्युटर बाकीचा मुलूख रंगवणार होता. नकाशा सोमवारी वर जायचा होता.

तिने साहेबांना, उमाशंकरांना, फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा एक पॉइंट बदला. बाकीच्यांचं कुणी विचारत नाही.

“एक नाही सर, दोनशे दहा. सगळे माझ्या हातचे आहेत, सगळे परत बघते. सोमवार हुकेल. कारणाच्या रकान्यात माझं नाव टाका.”

मग उमाशंकर म्हणाले, आधी पुरावा पाठवा. चारही दिशांचे फोटो, आणि उंची कळायला प्रत्येकात माणूस उभा पाहिजे.

धुरपताबाई तीन दिशांना तिच्या सांगण्याप्रमाणे उभ्या राहिल्या. चौथ्या वेळी लुंबिनीने टॅबलेट उचलला, तर चौकटीत नुसतं गवत.

“मावशी, कुठं गेलात?”

“हितंच हाय की. तुझं व्हईस्तोवर भारा तरी करते.”

गवताचे शेंडे एका जागी हलले. लुंबिनीने तसाच फोटो काढला, आणि पाठवताना खाली लिहिलं: फोटोत माणूस आहे, बसलेला आहे.