घे, पुन्हा!

हवालदार खैरमोडे खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात शिरले, तर गल्ल्यावरच्या मावशींच्या कपाळाला चोराने गावठी कट्टा लावलेला.

"बघत काय उभे राहिलात?" मावशी ओरडल्या. चोर गर्रकन वळला आणि कट्टा हवालदारांच्या छातीवर टेकला.

खैरमोड्यांचं डोकं बंद पडलं, पण हात चालू राहिले. महिनाभर रोज सकाळी मैदानावर ते जोडीदाराकडून लाकडी पिस्तूल हिसकावायला शिकत होते. मनगट पिळायचं, पिस्तूल काढून घ्यायचं, लगेच परत द्यायचं आणि म्हणायचं, "घे, पुन्हा!" त्यांनी चोराचं मनगट पिळलं, कट्टा हिसकावला. मावशींचा जीव भांड्यात पडला. तोच हवालदारांनी तो कट्टा चोराच्याच हातात ठेवला.

"घे, पुन्हा!"

"अहो, त्याला काय देता!" मावशींनी कपाळ बडवलं.

चोर गोंधळला. तेवढ्यात मनगट पुन्हा पिळलं गेलं, कट्टा गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा हिसकावून हवालदारांनी कट्टा पुढे केला, तेव्हा त्याने सुजलेला हात पाठीमागे लपवला.

"साहेब, तुमच्याकडेच राहू द्या," तो कळवळून म्हणाला. "मावशी, मुरगळल्यावर लावायचं मलम आहे का हो?"