ज्याचं रक्त, त्याच्या कानी

मेरेआनाचा नवरा पोटाच्या कॅन्सरनं गेला, मग दोन तरुण मुलं त्याच दुखण्यानं गेली. "हा शाप तूच आमच्या घरात आणलास," असं तिची सासू पिरिहिरा तीस वर्षं म्हणत आली.

हे दुखणं रक्तातल्या कुठल्या दोषानं आईबापांकडून मुलांत उतरतं, ते तपासायला आलेली हुइया आमच्यातलीच, माओरी घरातली मुलगी. तरी वस्तीनं तिला दोन हिवाळे सभाघरात बसवलं, सगळं विचारून घेतलं आणि मगच होकार दिला. अट एकच होती: ज्याचं रक्त, त्याचा निकाल त्याच्याच कानी. सासू-सुनांनीही रक्त दिलं.

बुधवारी दुपारी हुइया म्हणाली, "मावशी, तुझ्या रक्तात तो दोष नाही. मुलांना तो बापाकडून आला."

"आणि त्याला? आईकडून?"

"त्यांचं त्यांनाच सांगायचं, मावशी. तुला नाही."

मेरेआना म्हणाली, "म्हातारीला कळू देऊ नकोस. एक मुलगा, दोन नातू पुरलेत तिनं. मला बोलणी खायची सवय आहे."

हुइयानं मान खाली घातली.

संध्याकाळी रताळी सोलता सोलता पिरिहिरानं विचारलं, "काय म्हणाली ती पोर?"

"माझ्याकडूनच आलं म्हणाली, आई. तुमचंच खरं होतं."

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. ती उठली आणि आमच्या रीतीनं सुनेच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. म्हातारीचा स्वतःचा निकाल हुइयानं तिला त्याच दिवशी सकाळी सांगितला होता.